शब्दांची वहिवाट

परक्या भाषेतील कोणता शब्द कोणत्या ठिकाणी योग्य आणि कोणता अयोग्य, हे ठरविण्याचा अधिकार कोणाकडे असतो, हा प्रश्न आपल्या इलाख्यात इंग्रजी शाळा निघाल्या तेव्हापासून चालत आलेला आहे. परंतु तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पुढ्यात घेऊन वाक्यामागून वाक्ये फिरविणाऱ्या पिढ्यांनी तो बहुधा मनातच ठेवला, कारण परीक्षक म्हणेल ते बरोबर, एवढे उत्तर त्यांना पुरत असे. पुढील संवादातील दोन गृहस्थांना ते पुरेसे वाटत नाही, म्हणून तो नोंदवून ठेवण्याजोगा वाटला. त्यांपैकी एक निवृत्त हेडमास्तर; इंग्रजी व्याकरणाच्या अध्यापनात त्यांची सारी हयात गेली. दुसरे जिल्हा न्यायालयातील वकील. दिवाणी दाव्यांत, विशेषतः जमिनीच्या वहिवाटीच्या तंट्यांत, त्यांचे केस पांढरे झाले. वादाचे निमित्त तसे क्षुल्लक. वकिलांच्या कारकुनाच्या मुलाने शिष्यवृत्तीसाठी इंग्रजीत अर्ज लिहिला, तो मास्तरांकडे तपासण्यास पाठविला, आणि परत आला तेव्हा मूळ काळ्या शाईपेक्षा लाल शाईच त्यावर अधिक होती.

वकील : मास्तर, तुमचा कागद पाहून पोराने अर्ज करण्याचा बेतच रहित केला आहे. 'मला इंग्रजी येत नाही हे आज कळले,' असे म्हणून तो घरी बसला. तेव्हा फिर्याद नेमकी काय आहे, ती एकदा सविस्तर मांडा.

मास्तर : फिर्याद माझी नव्हे, भाषेची आहे. मातृभाषेत माणसाचा कान हाच न्यायाधीश असतो. 'पाऊस जोराचा पडला' हे बरोबर आणि 'पाऊस बळकट पडला' हे चूक, असे आपल्याला कोणी शिकविलेले नसते. कान ते आपोआप नाकारतो. इंग्रजीत मात्र 'रेन' हा 'हेवी' असतो आणि 'टी' हा 'स्ट्राँग' असतो, आणि या दोन विशेषणांची अदलाबदल केली असता अर्थ समजूनही ऐकणाऱ्याला हसू येते, हे आपल्या कानाला उपजत सांगता येणारे नाही. जेथे कान साक्ष देत नाही, तेथे ग्रंथाचा दाखला मागावा लागतो, आणि तो कसोशीने मागणे हेच शिक्षकाचे कर्तव्य होय.

वकील : दाखला अवश्य मागा, पण तो ज्या दप्तरातून काढायचा ते दप्तर तरी अस्सल असावे. मुलाने 'टु काइंडली ग्रँट' असे लिहिले, तर त्यातले 'काइंडली' तुम्ही उचलून बाहेर ठेवले. 'द स्कूल विच आय स्टडीड इन' यातील शेवटचा 'इन' तुम्ही ओढून पुढे नेला. 'लेस मार्क्स'चे 'फ्यूअर मार्क्स' केले. हे तीन हुकूम कोणाच्या सहीने निघाले?

मास्तर : व्याकरणाच्या. 'टु' आणि त्याचा धातू यांच्यामध्ये क्रियाविशेषण घुसवू नये. वाक्याच्या शेवटी शब्दयोगी अव्यय लोंबत ठेवू नये. आणि मोजता येणाऱ्या वस्तूंना 'लेस' लावू नये. हे तिन्ही नियम मी पस्तीस वर्षे शिकवीत आलो.

वकील : आणि तिन्ही नियमांचे मूळ कागद मी पाहिले आहेत. शब्दयोगी अव्ययाचा नियम पाहा. १६७२ साली ड्रायडन या कवीने बेन जॉन्सनच्या वाक्यांत हा दोष काढला, आणि पुढे नाट्यकाव्यावरील आपल्या निबंधाची नवी आवृत्ती १६८४ साली निघाली तेव्हा स्वतःचीही वाक्ये त्याने त्या बेताने दुरुस्त केली. लॅटिनमध्ये असे अव्यय नामाच्या आधी येते, म्हणून इंग्रजीतही तसे यावे, एवढाच त्यामागचा ओढा. इंग्रजांचे बोलणे त्यापूर्वीही तसे नव्हते आणि नंतरही झाले नाही. 'लेस' आणि 'फ्यूअर' यांचा भेद रॉबर्ट बेकर नावाच्या लेखकाने १७७० साली सुचविला, तोही आपली आवड म्हणून. त्यापूर्वी अनेक शतके इंग्रज मोजता येणाऱ्या वस्तूंना 'लेस' लावीतच होते. आणि धातू फोडण्याविषयी म्हणाल, तर ज्या फाउलरच्या नावाने तुम्ही वर्गात शपथ घेता, त्याचा इंग्रजी प्रयोगांचा कोश १९२६ साली प्रसिद्ध झाला, त्यात त्याने असे म्हटले आहे की वाक्य बोजड किंवा संदिग्ध होणार असेल तर धातू खुशाल फोडावा. आणि शेवटच्या अव्ययाविषयीच्या निषेधाला तर त्याने अंधसमजुतीतच जमा केले आहे. एका इंग्रजाची आवड, दुसऱ्या इंग्रजाचे लॅटिनप्रेम, आणि त्यापायी सातारा जिल्ह्यातील एका पोराच्या अर्जावर रक्तपात!

मास्तर : फाउलर मीही वाचला आहे. पण तुम्ही एक गोष्ट विसरता. अंधसमजूत जोवर अधिकाऱ्याच्या डोक्यात आहे, तोवर तिला कायद्याचेच बळ असते. अर्ज वाचणारा फाउलर नसेल. तो माझ्यासारख्याच एखाद्या मास्तराचा विद्यार्थी असेल, आणि फुटलेला धातू दिसताच मुलाची लायकी ठरवून मोकळा होईल. मुलाला त्या धोक्यापासून वाचविणे हा गुन्हा नव्हे.

वकील : गुन्हा नव्हे, पण त्याला 'हे चूक आहे' असे सांगणे आणि 'यावर कोणी बोट ठेवील' असे सांगणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तुमच्या शाईला तो फरक दाखविता येत नाही.

मास्तर : बरे, हे तीन मी तूर्त सोडून देतो. परंतु याच अर्जातील दुसरी दोन वाक्ये मी तुमच्यापुढे ठेवतो, आणि मग वहिवाटीचे तुमचे तत्त्वज्ञान कितपत टिकते ते पाहू. मुलाचा पूर्वीचा अर्ज कचेरीत गहाळ झाला, असा त्याला संशय आहे. त्याने लिहिले : 'आय डाऊट दॅट माय अर्लियर ॲप्लिकेशन वॉज मिसप्लेस्ड.' याचा इंग्रजी अर्थ असा की अर्ज गहाळ झाला असेल असे मला वाटत नाही! त्याला म्हणायचे होते 'आय सस्पेक्ट'. जे सांगायचे त्याच्या नेमके उलट त्याने लिहून दिले.

वकील : थांबा. शेक्सपिअरच्या काळी 'डाऊट' याचा अर्थ 'संशय येणे, भीती वाटणे' असाही होता. खुद्द हॅम्लेट तो शब्द त्या अर्थाने वापरतो. आमचा पोर डेन्मार्कच्या राजपुत्राच्या पंक्तीला बसला, एवढाच त्याचा अपराध.

मास्तर : मग त्याने अर्ज एलिझाबेथ राणीच्या दरबारात करावा. आजच्या कचेरीत तो वाचला जाईल, तेव्हा तेथील कारकून हॅम्लेटच्या नव्हे, आपल्याच काळाच्या अर्थाने वाचणार. आणि दुसरे वाक्य ऐका. मुलाखतीसाठी बोलावणे यावे म्हणून त्याने कळविले : 'आय शॅल बी इन पूना टिल द फिफ्टीन्थ ऑफ जून.' त्याच्या मनातील मराठी वाक्य असे की 'मी १५ जूनपर्यंत पुण्यात असेन', म्हणजे आज मी गावी आहे, १५ तारखेच्या आत पुण्यास पोहोचेन. त्यासाठी इंग्रजीत 'बाय' पाहिजे. 'टिल' लिहिल्यावर अर्थ झाला तो असा की मी पुण्यातच आहे आणि १५ जूननंतर तेथून निघेन. कचेरीने त्यावर विसंबून १० जूनची तारीख नेमली, तर पोर गावीच असणार. व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही वाक्ये निष्कलंक आहेत. कर्ता जागच्या जागी, क्रियापद जागच्या जागी. आणि दोन्ही वाक्ये खोटी साक्ष देतात.

वकील : याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. 'पर्यंत' हा आपला शब्द मुदतीच्या दोन्ही बाजू एकट्यानेच राखतो, हे माझ्या कधी ध्यानात आले नव्हते.

मास्तर : शब्दयोजनेच्या खऱ्या चुका जन्मतात त्या अशाच ठिकाणी. मराठी शब्दाचा मुलूख आणि इंग्रजी शब्दाचा मुलूख यांच्या सीमा जुळत नाहीत. आपण एकाच 'सावली'त झाडाखाली बसतो आणि भिंतीवर आपली 'सावली' पाहतो. इंग्रजाला पहिलीसाठी 'शेड' आणि दुसरीसाठी 'शॅडो' लागते. आपण पैसे उसने देतो आणि उसनेच घेतो. तेथे देणाऱ्याला 'लेंड' आणि घेणाऱ्याला 'बॉरो'. वर्गात मुलगा 'शंका' विचारतो ती इंग्रजीत 'क्वेश्चन' असते. पण कोशात शंकेपुढे 'डाऊट' छापलेले असल्यामुळे 'आय हॅव अ डाऊट' असे म्हणून तो बिचाऱ्या शिक्षकाच्या ज्ञानावरच अविश्वास दाखवितो. मुंबई इलाख्यात मुलकी नोकरी केलेल्या जॉर्ज क्लिफर्ड व्हिटवर्थ या इंग्रजाने १९०७ साली हिंदी लोकांच्या इंग्रजीवर एक पुस्तकच लिहिले, आणि त्यात तपासल्या त्या व्याकरणाच्या नव्हे, तर वाक्प्रचाराच्या चुका. कारण व्याकरण आपण घोकून घेतले होते. शब्द कोठे संपतो ते मात्र आपल्याला कोणी दाखविले नव्हते.

वकील : मास्तर, तुमची बाजू तुम्ही इतकी उत्तम मांडलीत की आता मला तुमच्यावरच उलटतपासणी करणे भाग आहे. 'टिल' आणि 'डाऊट' या शब्दांनी मुलाची मुलाखत बुडाली असती. फुटलेल्या धातूने फार तर एखाद्या हेडक्लार्कची भुवई वर गेली असती. मग या कागदावर दोहोंभोवती सारखेच लाल वर्तुळ का? तुमच्या शाईवरून त्या मुलाला काय बोध झाला असेल? हाच की सर्व अपराध एकाच तोलाचे आहेत. आणि अशा वेळी माणूस, जो नियम पाठ करण्यास सोपा, तोच तेवढा पाठ करतो. पुढल्या अर्जात तो धातू फोडणार नाही, आणि 'टिल' मात्र जसाच्या तसा ठेवील.

मास्तर : (थोडे थांबून) चूक ती चूकच, असे आम्हाला शिकविले गेले. पण तुमचे म्हणणे खोटे नाही. शेवटचे अव्यय खोडायला क्षणभर पुरतो. 'पर्यंत' आणि 'टिल' यांचा झगडा समजावून द्यायला अर्धा तास हवा. साठ मुलांच्या वह्या तपासणारा मास्तर कोणत्या चुकीकडे वळणार, हे सांगायला नको.

वकील : आता माझ्या खऱ्या मुद्द्याकडे येतो. तुम्ही 'माय कझिन ब्रदर' खोडलेत, आणि 'डू द नीडफुल'ही खोडलेत. यांनी कोणाची दिशाभूल झाली? कायद्यात बारा वर्षे उघडपणे, अखंडपणे आणि मालकाच्या डोळ्यांदेखत जमीन कसली, तर कसणाऱ्याचा हक्क शाबीत होतो. आपण ही भाषा शतकाहून अधिक काळ कसतो आहोत. मुंबईचे विद्यापीठच १८५७ सालचे. 'नीडफुल' हा प्रयोग एके काळी विलायतेतही चालत होता. तेथे तो मागे पडला, आपल्या कचेऱ्यांनी तो जपून ठेवला. 'कझिन' या एका शब्दात इंग्रज चुलत, आते, मामे आणि मावस अशी चारही घराणी भाऊ-बहिणींसकट कोंबतो. निदान भाऊ की बहीण एवढे तरी सांगावे, म्हणून आपण 'ब्रदर' जोडले. 'पोस्टपोन' असेल तर त्याच्या उलट काहीतरी हवेच, म्हणून 'प्रीपोन' रूढ केला, आणि आज ऑक्सफर्डच्या कोशात तो भारतीय शब्द म्हणून नोंदलेला आहे. मग वहिवाट शाबीत झाली नाही काय?

मास्तर : तुमच्याच कायद्याने उत्तर देतो. वहिवाट त्या शेतापुरतीच शाबीत होते. शेजारच्या गावात तिचा उतारा चालत नाही. पुण्याच्या कचेरीत 'कझिन ब्रदर' लिहिले तर कोणी हरकत घेणार नाही. परंतु हाच मुलगा उद्या लंडनच्या एखाद्या कंपनीला पत्र पाठवील आणि 'आय पास्ड आऊट इन जून' असे लिहील, तेव्हा वाचणाऱ्याला प्रथम वाटेल की जूनमध्ये याला मूर्च्छा आली.

वकील : सैनिकी विद्यालयातून बाहेर पडणाऱ्या तुकडीचे संचलन इंग्रज स्वतः 'पासिंग आऊट' या नावानेच करतात!

मास्तर : करतात, पण मुलगा सैन्यातला नाही, आणि वाचणारा त्याला सैन्यातला समजणार नाही. शब्द कोणत्या संगतीत आला, यावरच तर सारे अवलंबून आहे.

वकील : मग मालकांचेच एक उदाहरण देतो. दुसऱ्या महायुद्धाच्या आपल्या इतिहासात चर्चिलने एक प्रसंग सांगितला आहे. ब्रिटिश आणि अमेरिकन सेनाधिकाऱ्यांच्या बैठकीत एक कागद तातडीने विचारात घ्यावा म्हणून ब्रिटिशांनी तो 'टेबल' करण्याचा आग्रह धरला. अमेरिकन भाषेत 'टेबल' करणे म्हणजे विषय बाजूस टाकणे. त्यांनी कडाडून विरोध केला. दोन्ही पक्षांना एकच गोष्ट हवी होती, आणि तरीही बराच वेळ वाद चालला. आता सांगा, यांत चूक कोणाची? दोघेही या भाषेचे जन्मसिद्ध मालक!

मास्तर : चूक कोणाचीच नाही, आणि तरी काम अडले. वकीलसाहेब, तुम्ही हे उदाहरण माझ्याविरुद्ध दिलेत, पण ते आपल्या दोघांच्याही विरुद्ध जाते. मी म्हणत होतो की निवाडा ग्रंथ करतो. तेथे ग्रंथ दोन्ही बाजूंना होता. तुम्ही म्हणत होता की वहिवाट करते. वहिवाटही दोन्ही बाजूंना होती. निवाडा झाला तो ऐकणाऱ्याच्या मनात. लिहिणाऱ्याचा अर्थ वाचणाऱ्याच्या मनात जसाच्या तसा उतरला की नाही, ही पहिली चौकशी. बाकीच्या चौकश्या तिच्यानंतर.

वकील : हे मला मान्य आहे. पण मग शिकणाऱ्याने करावे काय? प्रत्येक वाचणाऱ्याचे मन ओळखण्याची विद्या कोणत्या शाळेत मिळते?

मास्तर : मन ओळखण्याची नाही, शब्दांची संगत ओळखण्याची मात्र मिळते. लाहोरला काही वर्षे इंग्रजीचे अध्यापक राहिलेल्या फर्थ या भाषाशास्त्रज्ञाचा सिद्धांतच असा की शब्दाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून पटते. 'डिसिजन' हा 'मेक' केला जातो, 'क्राइम' हा 'कमिट' केला जातो, 'अटेन्शन' हे 'पे' केले जाते. मराठीच्या आधाराने यांतील एकाचाही अंदाज बांधता येत नाही. म्हणून वहीत 'डिसिजन म्हणजे निर्णय' असे लिहिणारा मुलगा अर्धाच शब्द शिकतो. त्याने 'मेक अ डिसिजन' असा जोडच उतरवून घ्यावा.

वकील : आणि कोश? कोशांनीच तर 'शंका' आणि 'डाऊट' यांचे लग्न लावून दिले.

मास्तर : द्विभाषी कोशांनी. पण शिकणाऱ्यासाठीच रचलेले कोश निराळे असतात. हॉर्नबी नावाचा इंग्रज जपानात शिकवीत होता; त्याने गेटनबी आणि वेकफील्ड या सहकाऱ्यांबरोबर जपानी विद्यार्थ्यांच्या अडचणी डोळ्यांसमोर ठेवून एक कोश केला. तो १९४२ साली टोकियोत निघाला, आणि १९४८ साली ऑक्सफर्डने तोच आपल्या नावाने काढला. त्यात कोणते नाम मोजता येते आणि कोणते येत नाही याची खूण आहे. म्हणून 'ॲडव्हाइस', 'फर्निचर', 'इन्फर्मेशन' यांना अनेकवचनाचा 'एस' लावण्यापूर्वी मुलाला तेथे पाहता येते. कोणते क्रियापद कोणती रचना मागते, तेही दिलेले आहे; 'सजेस्ट' नंतर 'हिम टु गो' येत नाही, 'डिस्कस' नंतर 'अबाऊट' लागत नाही, हे तेथे पाहण्यास मिळते. अर्थापेक्षा वागणूक शिकविणारा कोश हवा.

वकील : पण इंग्रजीत शब्द लाखांनी. प्रत्येकाची वागणूक शिकायची तर आयुष्य पुरणार नाही.

मास्तर : ढाक्क्यात अध्यापकांचे प्रशिक्षण केलेल्या मायकेल वेस्टने याचे उत्तर दिले आहे. १९५३ साली त्याची सुमारे २००० शब्दांची यादी निघाली, आणि त्यांतील एकेका शब्दाचे कोणते अर्थ किती वारंवार येतात, तेही त्यात आहे. नवशिक्याचे बहुतेक लेखन एवढ्यात भागते. आपल्याकडे उलटे चालते : 'टिल' आणि 'बाय' कच्चे राहतात, आणि मुलगा जडजड शब्दांची यादी पाठ करून 'डाय' ऐवजी 'एक्स्पायर' लिहिण्यात भूषण मानतो. नेहमीच्या शब्दांची सीमा पक्की झाल्याखेरीज दुर्मीळ शब्दाला हात लावू देऊ नये, असे माझे मत आहे.

वकील : तर मग या अर्जाचा निकाल काय?

मास्तर : 'टिल' आणि 'डाऊट' यांवर लाल शाई, आणि समासात कारण लिहून, शक्य झाले तर मुलाला बोलावून तोंडीसुद्धा. 'पास आऊट', 'कझिन ब्रदर' आणि 'नीडफुल' यांखाली पेन्सिलीची रेघ, आणि तेथे कोणता वाचक अडखळेल याची टीप. फुटलेला धातू, शेवटचे अव्यय आणि 'लेस' यांना हात लावणार नाही; फार तर तोंडी सांगेन, की काही वडीलधारी मंडळी याला नाके मुरडतात.

वकील : 'कझिन ब्रदर' खालील पेन्सिल मला मंजूर नाही. जो शब्द कोट्यवधी लोक रोज वापरतात, त्याच्यापुढे आजही हात जोडून उभे राहावे लागते, तो न्याय नव्हे. आज पेन्सिल सोसली की उद्या तीच लाल होते.

मास्तर : आणि ती रेघ मी पुसणारही नाही. हा अर्ज पुण्यास जाणार आहे, तेव्हा 'कझिन ब्रदर' तसाच राहू द्यावा. लंडनला जाणार असता, तर मी 'कझिन' एवढाच ठेवण्याचा सल्ला दिला असता. मुलाला दोन्ही ठाऊक असले म्हणजे निवड त्याची, माझी नव्हे आणि तुमचीही नव्हे. ज्याला एकच रीत माहीत आहे, त्याला निवडीचे स्वातंत्र्य आहे असे म्हणणे व्यर्थ आहे.

वकील : आणि 'टिल'?

मास्तर : तो मात्र पुण्यासही खोडीन आणि लंडनलाही खोडीन, कारण चुकीच्या तारखेला बोलावणे आले, तर कोणत्याही वहिवाटीचा दाखला दाखवून ती मुलाखत परत मिळणार नाही.